कुंचले, लघुचित्रणाचे

लघुचित्रांतील सूक्ष्म रेषा, ठिपके व रंगछटा काढण्यासाठी वापरले जाणारे बारीक टोकाचे कुंचले. प्राण्यांच्या केसांपासून बनविलेले नैसर्गिक कुंचले आणि नायलॉन, पॉलिएस्टर यांसारख्या बहुवारिकांच्या तंतूंपासून बनविलेले कृत्रिम कुंचले असे त्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात. हस्तलिखितांतील चित्रे, वसलीवर (अनेक कागद एकमेकांवर चिकटवून तयार केलेल्या जाड कागदावर) काढलेली मोगल, राजपूत, पहाडी व दख्खनी शैलींची चित्रे, यूरोपातील चर्मपत्रावरील व हस्तिदंतावरील छोटी व्यक्तिचित्रे तसेच धातूच्या वा प्लास्टिकच्या लहान प्रतिकृती रंगविण्याचे काम या सर्वांचा या संदर्भात लघुचित्रणात समावेश होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बारीक कामासाठी केसांचाच कुंचला उपलब्ध असल्याने निवडीचा प्रश्न कोणत्या प्राण्याचा केस घ्यावयाचा एवढाच होता. कृत्रिम तंतूंचे कुंचले आल्यावर त्याचे स्वरूप बदलले. आज कुंचला निवडताना त्याचे रेखनगुण, रंगमाध्यमाशी असलेली अनुरूपता, टिकाऊपणा व किंमत यांबरोबरच तो ज्या प्राण्यापासून मिळतो त्याच्या संरक्षणाचाही विचार करावा लागतो. कुंचल्याची योग्यता केसाच्या नावावरून ठरत नाही. कोणता रंग, कोणत्या पृष्ठावर, कशा प्रकारच्या रेघेने लावावयाचा आहे यावरून ती ठरते.

रचना व कार्य : कुंचल्याचे केशगुच्छ, शेंबी (केशगुच्छ धरून ठेवणारी धातूची नळी) आणि दांडी असे तीन भाग असतात. पारंपरिक कुंचल्यात शेंबीऐवजी पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी वापरतात. केशगुच्छाच्या मधल्या फुगीर भागास पोट व निमुळत्या शेवटास टोक म्हणतात. पोटात रंग साठतो आणि टोकातून तो कागदावर उतरतो. कुंचला दाबून सोडला असता टोक पुन्हा सरळ होणे हा त्याचा तिसरा गुण असून त्यास उसळी म्हणता येईल. टोक, साठा व उसळी या तीन गुणांच्या प्रमाणावर कुंचल्याचे सर्व वर्तन अवलंबून असते.

केस केरॅटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर छपराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. न कापलेला केस टोकाकडे आपोआप निमुळता होत जातो. काही प्राण्यांच्या केसांची जाडी मुळाशी कमी, मध्ये अधिक व टोकाशी अत्यल्प असते. असे केस एकत्र बांधले की गुच्छाला पोट व टोक हे दोन्ही आकार आपोआप येतात. ओल्या गुच्छात केसांमधील फटींत पाणी केशाकर्षणाने धरले जाते आणि गुच्छाभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्याचा पृष्ठताण सर्व केसांना एकत्र ओढून टोक साधतो. टोक कागदाला टेकताच कागद द्रव शोषू लागतो व पोटातील साठा फटींच्या वाटेने सावकाश खाली येतो. खवल्यांमुळे केसाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने हा ओघ एकदम सुटत नाही. त्यामुळे एकदा रंग भरून लांब व एकसारखी रेषा काढता येते.

केसाचे स्वाभाविक टोक हा कुंचल्याचा सर्वांत मोलाचा भाग असल्याने चांगला कारागीर कुंचल्याला आकार देताना टोके कधीच कातरीत नाही. केस विंचरून त्यांतील लव काढून टाकली जाते, उलटे पडलेले व टोक मोडलेले केस वेचून काढले जातात आणि लांबीप्रमाणे निवड केल्यावर गुच्छ दोऱ्याने बांधून मुळाकडील बाजू कापली जाते. नंतर गुच्छ शेंबीत ओवून आतून गोंदाने वा राळेने पक्का करतात. केसांचा बराच भाग शेंबीच्या आत राहतो व उसळी काही अंशी त्यावरच अवलंबून असते.

एकाच केसाच्या कुंचल्याने लघुचित्रे काढली जात, ही समजूत सर्वत्र आढळते. एकटा केस रंग धरू शकत नाही व हाताच्या दाबाला टिकूही शकत नाही. ‘एक बाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुंचल्यातही केसांचा पुरेसा गुच्छ असतो. फक्त त्याचे टोक एका केसावर येऊन संपते. म्हणूनच सर्वांत लहान कुंचला सर्वांत बारीक रेषा काढतो हेही खरे नाही. टोक उत्तम असलेला मध्यम आकाराचा कुंचला तितकीच बारीक रेषा काढतो आणि साठा अधिक असल्याने ती मध्येच तुटू देत नाही. अतिशय लहान कुंचल्यातील रंग कागदाला टेकण्यापूर्वीच सुकू लागतो.

ऐतिहासिक आढावा : भारतीय शिल्पग्रंथांत कुंचल्याविषयी स्पष्ट विवेचन आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकर्माच्या प्रकरणात वासराच्या कानावरील केस लाखेने बसवून लेखणी तयार करण्याची रीत सांगितली असून स्थूल, मध्यम व सूक्ष्म असे तिचे प्रकार दिले आहेत. केरळातील श्रीकुमार याच्या शिल्परत्न या सोळाव्या शतकातील ग्रंथातही हेच तीन प्रकार असून त्यांकरिता वेगवेगळे केस सुचविले आहेत : स्थूल लेखणीसाठी वासराच्या कानाचे, मध्यम लेखणीसाठी बोकडाच्या पोटाचे व सूक्ष्म लेखणीसाठी चिक्रोड या प्राण्याच्या शेपटीचे. चिक्रोड म्हणजे खार असा अर्थ काही अभ्यासक करतात. कामाच्या प्रकारानुसार केस बदलावा, हे तत्त्व या विवेचनाच्या मुळाशी आहे.

मोगल चित्रशाळांत इराणी व भारतीय परंपरांचा संगम झाला. इराणी चित्रकार सादिकी बेग याच्या कानून-अल्-सुवर या पद्यग्रंथात कुंचला बांधण्याची कृती आली आहे. शिकाऊ चित्रकाराने प्रथम कागद घोटणे, रंग वाटणे व कुंचला बांधणे ही कामे शिकावीत अशी भारतातील घराण्यांतही प्रथा होती. मोगल चित्रतंत्राविषयी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाचे (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) संचालक मोतीचंद्र यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. दख्खनमध्ये अहमदनगर, विजापूर व गोवळकोंडे येथे सोळाव्या शतकापासून स्वतंत्र शैली विकसित झाल्या. अहमदनगरच्या निजामशाहीत सु. १५६५ च्या सुमारास तयार झालेले तारीफ-इ-हुसेनशाही हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

यूरोपात इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने सु. १४०० मध्ये लिहिलेल्या आपल्या ग्रंथात खारीच्या शेपटीचे केस निरनिराळ्या आकारांच्या पिसांच्या नळ्यांत बसवून मऊ कुंचले आणि डुकराच्या राठ केसांचे जाड कुंचले करण्याच्या कृती दिल्या आहेत. इंग्लंडमधील राणी पहिली एलिझाबेथ हिचा चित्रकार निकोलस हिल्यर्ड (१५४७–१६१९) व त्याचे समकालीन चर्मपत्रावरील व्यक्तिचित्रांसाठी पिसाच्या नळीत बसविलेले खारीच्या केसांचेच कुंचले वापरीत. एकोणिसाव्या शतकात धातूच्या शेंबीचा प्रसार होऊन कुंचल्यांना क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. याच काळात सायबीरियन वीझलच्या केसांचे कुंचले जलरंगातील सूक्ष्म कामासाठी सर्वोत्तम गणले जाऊ लागले.

नैसर्गिक केस : (१) खार : भारतीय लघुचित्रकारांचा हा परंपरागत केस होय. खारीच्या शेपटीचे थोडे केस घेऊन ते दोऱ्याने बांधतात आणि कबुतराच्या वा अन्य पक्ष्याच्या पिसाच्या नळीतून ओढून घेतात. नळी आधी पाण्यात भिजवून मऊ केलेली असते. ती सुकताना आकसते व गुच्छ घट्ट धरते. खारीचा केस अतिशय बारीक व मऊ असून पाणी भरपूर धरतो, मात्र त्याला उसळी कमी असते. मोठ्या कुंचल्यात हा दोष ठरतो. लघुचित्रात हाताचा दाब जवळजवळ नसतोच व रंगही दाट नसतो, त्यामुळे तेथे त्याची बाधा होत नाही. केसांना शेवटी असलेला किंचित बाक राजस्थानी चित्रकार उपयोगी मानतात. फळी गुडघ्यावर घेऊन, हात कागदावर टेकवून काम करताना बाकदार टोक कागदाला तिरपे लागते व केस, भुवया, वस्त्रांच्या कडा यांच्या वळणदार रेषा एका ओघात निघतात. यूरोपीय व रशियन खारींच्या केसांचे कुंचले मोठ्या आकारांत जलरंगाचे पातळ हात देण्यासाठी वापरतात.

(२) कोलिन्स्की : सायबीरियन वीझलच्या शेपटीचा हा केस व्यापारात ‘सेबल’ या नावाने विकला जातो. खऱ्या सेबल या प्राण्याशी त्याचा संबंध नाही. मध्ये फुगीर व टोकाशी अत्यंत निमुळता असलेल्या या केसात टोक, साठा व उसळी हे तिन्ही गुण एकत्र आढळतात. थंडीच्या दिवसांत शेपटीवर वाढलेले नराचे केस सर्वांत चांगले समजले जातात. त्यांचा पुरवठा मर्यादित असल्याने किंमत मोठी असते. चीनमध्ये अशाच केसांच्या कुंचल्यांना ‘लांडग्याच्या केसाचे’ असे नाव आहे, परंतु तो केस वीझलचा असतो.

(३) मुंगूस : याचा केस ताठ, उसळीदार व गडद-फिकट पट्ट्यांचा असतो. तैलरंगाच्या कुंचल्यांसाठी भारतात तो दीर्घकाळ वापरला गेला. लघुचित्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व दुय्यम होते व आता त्याचा व्यापार पूर्णतः बेकायदा आहे.

(४) इतर : बैलाच्या कानाचे, घोड्याचे व बोकडाचे केस स्वस्त कुंचल्यांत वापरतात. बोकडाचा केस पाणी पुष्कळ धरतो, पण त्याचे टोक सैल राहते. त्यामुळे तो पार्श्वभूमीवर सपाट हात देण्यास योग्य ठरतो. ‘कॅमल हेअर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कुंचल्यांत उंटाचा केस नसून खार, घोडा, बोकड इ. प्राण्यांच्या केसांचे मिश्रण असते. अशा व्यापारी नावांवरून केसाचा प्रकार ठरविणे धोक्याचे असते.

कृत्रिम तंतू : नायलॉनचा शोध अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९३५ मध्ये लागला आणि त्याच्या तंतूंचा पहिला व्यापारी उपयोग १९३८ मध्ये दात घासण्याच्या ब्रशांत झाला. चित्रकलेच्या कुंचल्यांत हे तंतू त्यानंतर आले. आरंभीचे तंतू सर्वत्र सारख्या जाडीचे, गुळगुळीत व फार उसळीदार होते. त्यांपासून केलेल्या कुंचल्यास नीट टोक येत नसे व रंग कागदाला टेकताच एकदम ओघळे. पुढील काळातील सुधारणा प्रामुख्याने हे दोन दोष घालविण्याच्या दिशेने झाल्या. नायलॉनचा तंतू ओढताना ओढण्याचा वेग बदलून त्याची जाडी कमीजास्त करता येते. पॉलिएस्टर वर्गातील तंतूंची टोके कॉस्टिक सोड्याच्या द्रावात बुडविल्यास बाहेरचा थर विरघळत जाऊन ती निमुळती होतात. वेगवेगळ्या जाडीचे तंतू एकत्र करून, त्यांना नागमोडी आकार देऊन वा त्यांचा पृष्ठभाग खडबडीत करून आता खारीच्या व वीझलच्या केसांसारखे वर्तन बरेचसे साधले जाते. ‘टॅक्लॉन’ हे अशा मऊ कृत्रिम तंतूंचे व्यापारात रूढ झालेले नाव आहे.

या दोन वर्गांतील मूलभूत फरक पाणी शोषण्याच्या क्षमतेत आहे. सर्वसाधारण दमट हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सु. १६ टक्के, नायलॉन सु. ४ टक्के व पॉलिएस्टर फक्त सु. ०·४ टक्के पाणी धरते. लोकर व कुंचल्याचे केस ही दोन्ही केरॅटीनचीच असल्याने हे प्रमाण केसांनाही सामान्यतः लागू पडते. पाण्याने केस किंचित फुगतो, मऊ होतो व शेजारच्या केसांना चिकटून राहतो. कृत्रिम तंतू पाण्यात जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे त्याचा ताठपणा टिकतो, परंतु साठा केवळ तंतूंमधील फटींवर अवलंबून राहतो. कृत्रिम कुंचल्याचा आणखी एक दोष म्हणजे टोकाला येणारा आकडा. वापराने व घर्षणाने शेवटचे तंतू एका बाजूस वळतात व मग टोक कितीही जुळविले तरी रेषा दुहेरी उमटते. तंतू उष्णतेने मऊ होत असल्याने टोक काही क्षण गरम पाण्यात धरून सरळ केल्यास हा दोष काही काळ कमी होतो, पण तो पुन्हा उद्‌भवतो.

उलटपक्षी कृत्रिम तंतूंचे काही गुण निर्विवाद आहेत. त्यांना कसर लागत नाही, अल्कधर्मी द्रव्यांनी केसाइतकी त्यांची हानी होत नाही, सर्व कुंचले सारख्या दर्जाचे निघतात व किंमत कमी पडते.

माध्यम व पृष्ठानुसार निवड : बाभळीच्या गोंदात कालविलेले अपारदर्शक जलरंग हे भारतीय लघुचित्राचे माध्यम होय. ते सुकल्यावरही पाण्याने सुटतात. त्यामुळे कुंचला धुणे सोपे जाते आणि नैसर्गिक केसाला अपाय होत नाही. मात्र खालचा थर न उखडता वरचा थर द्यावा लागतो. येथे मऊ केसाचा लाभ स्पष्ट दिसतो. ताठ कृत्रिम टोकाने एकाच जागी दोन-तीनदा रंग दिला तर खालचा रंग निघू लागतो. चेहरा, हात इ. भागांत अतिसूक्ष्म ठिपके व बारीक रेघा जवळजवळ देऊन उजेड-छायेचा भास निर्माण करण्याच्या परदाज या पद्धतीतही खारीचा किंवा कोलिन्स्कीचा कुंचला श्रेष्ठ ठरतो. अकीकाने घोटलेल्या गुळगुळीत वसलीवर टोक झिजत नाही, त्यामुळे असे कुंचले दीर्घकाळ टिकतात. त्याउलट खडबडीत कागदावर ते लवकर बोथट होतात.

याच चित्रातील सर्व कामांना हा केस लागतोच असे नाही. सपाट पार्श्वभूमी, इमारतींच्या सरळ कडा, हाशियाच्या (चौकटीच्या) पट्ट्या, सोनेरी शाई आणि शिंपल्याचा वा जस्ताचा पांढरा यांसारखे जड रंग यांसाठी चांगला कृत्रिम कुंचला पुरेसा असतो, किंबहुना काही वेळा अधिक सोयीचा ठरतो. सोन्याच्या वर्खाची भुकटी महाग असून ती गुळगुळीत तंतूंवरून पाण्याने सहज धुऊन परत मिळविता येते, केसांच्या खवल्यांत मात्र ती अडकून राहते. हिंगूळ, हरताळ यांसारख्या खनिज रंगांच्या कणांनी केसांची टोके झिजतात. अशा रंगांसाठी महाग कुंचला राखून ठेवणे हितावह असते.

ॲक्रिलिक रंगांचा विचार वेगळा करावा लागतो. हे रंग सुकल्यावर पाण्यात विरघळत नाहीत. शेंबीच्या तोंडाशी रंग सुकला की केस फाकतात व टोक कायमचे बिघडते. त्यामुळे या माध्यमात सामान्यतः कृत्रिम कुंचलाच घ्यावा. धातूच्या व प्लास्टिकच्या लहान प्रतिकृती बहुधा ॲक्रिलिकनेच रंगविल्या जातात. त्यांचा पृष्ठभाग खाचाखळग्यांचा असल्याने टोक लवकर झिजते. तेथे आधारथर देणे, रंग कालविणे व सपाट भाग भरणे ही कामे कृत्रिम कुंचल्याने आणि डोळे, वस्त्रांच्या किनारी यांसारखी शेवटची कामे उत्तम टोकाच्या नैसर्गिक कुंचल्याने करण्याची पद्धत रूढ आहे. कुंचला दर वेळी लगेच धुतल्यास नैसर्गिक केसही या माध्यमात पुष्कळ टिकतो.

नवशिक्याने कृत्रिम कुंचल्याने आरंभ करावा, असे सामान्यतः म्हटले जाते. खर्चाच्या दृष्टीने ते योग्य आहे. मात्र टोक न धरणाऱ्या निकृष्ट कुंचल्याने सराव केल्यास रेषेतील दोष हाताचा आहे की साधनाचा, हे शिकणाऱ्याला उमगत नाही. म्हणून संख्येने अनेक स्वस्त कुंचले घेण्यापेक्षा चांगले टोक असलेले दोन-तीन कुंचले घेणे श्रेयस्कर असते.

वन्यजीव संरक्षण व कायदा : भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये शिकारीची व्याख्या व्यापक आहे. संरक्षित प्राण्याला मारण्याबरोबरच त्याला पकडणे, सापळ्यात अडकविणे व त्याच्या शरीराचा कोणताही भाग घेणे यांचाही तीत समावेश होतो. खारीला इजा न करता शेपटीचे थोडे केस कापून तिला सोडून देतात, असे परंपरागत चित्रकार सांगतात. परंतु प्राणी संरक्षित असल्यास एवढी कृतीही या व्याख्येत येते. पाच पट्ट्यांच्या खारीचा समावेश या अधिनियमाच्या पूर्वीच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणून त्यांची फेररचना करण्यात आली, म्हणून केसांविषयी निर्णय घेताना प्रचलित अनुसूची पाहणे आवश्यक असते.

मुंगसाची स्थिती अधिक गंभीर आहे. एका प्राण्यापासून कुंचल्यास योग्य असे केस थोडेच मिळतात व ते मिळविण्यासाठी प्राणी मारला जातो. साप, उंदीर व कीटक यांवर नियंत्रण ठेवणारा हा प्राणी शेतीस उपकारक असून त्याची शिकार, तसेच त्याच्या केसांची व कुंचल्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने या व्यापाराविरुद्ध देशात अनेक ठिकाणी छापे घालून केसांचा व कुंचल्यांचा मोठा साठा जप्त केला. उत्तर प्रदेशातील बिजनोर जिल्ह्यातील शेरकोट या कुंचलानिर्मितीच्या प्रसिद्ध केंद्राचाही त्यांत समावेश होता. कायदा विक्रेत्याप्रमाणे खरेदीदारालाही लागू असल्याने, केस कोणत्या प्राण्याचा आहे हे न सांगता विकला जाणारा ताठ, पट्टेदार केसांचा कुंचला घेणे टाळावे.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून अंमलात असलेल्या ‘साइटीस’ या कराराचे नियंत्रण आहे. सायबीरियन वीझल हा प्राणी भारताने या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदविला आहे. त्यामुळे त्याच्या केसांचे कुंचले एका देशातून दुसऱ्या देशात नेताना मूळ स्थानाची कागदपत्रे लागतात. २०१३ मध्ये अशा कागदपत्रांच्या अपुरेपणामुळे अमेरिकेत कोलिन्स्की कुंचल्यांची आयात काही काळ अडली होती. पुरवठ्याच्या या अनिश्चिततेमुळे उत्पादकांचे लक्ष कृत्रिम तंतूंच्या सुधारणेकडे अधिक वळले.

या बंधनांमुळे परंपरागत घराण्यांपुढे खरी अडचण उभी राहिली आहे. कुंचला स्वतः बांधणे हा त्यांच्या शिक्षणाचा पहिला पाठ होता. लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स या संस्थेतील लघुचित्रणाच्या अभ्यासक्रमातही तो कायम राहिला आहे. टोक कसे बनते हे बांधताना कळते व त्यावरून रेषा कशी घ्यावी हे उमगते. तथापि हा पाठ एका विशिष्ट प्राण्याशी जखडलेला नाही. शिल्पग्रंथांनी वासराच्या व बोकडाच्या केसांच्याही रीती दिल्या आहेत आणि पाळीव प्राण्यांचे केस वा सुटे कृत्रिम तंतू घेऊनही गुच्छ बांधण्याचे कौशल्य शिकविता येते.

पारख : नव्या कुंचल्याचे टोक डिंकाने वा खळीने बसविलेले असते, म्हणून कोरड्या कुंचल्यावरून पारख करू नये. प्रथम तो कोमट पाण्यात हलवून खळ काढून टाकावी. नंतर पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. चांगल्या कुंचल्याचे एकच अणकुचीदार टोक तयार होते, ते दुभंगले तर तो कुंचला घेऊ नये. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच वाकवून सोडले असता ते सरळ झाले पाहिजे. त्यानंतर पातळ रंग भरून हाताचा दाब न बदलता एक लांब रेषा ओढावी व कुंचला बोटांत फिरवून तशीच दुसरी ओढावी. दोन्हींची जाडी सारखी राहिली तर टोक सर्व बाजूंनी सम आहे असे समजावे. शेंबी हलत नाही व केस गळत नाहीत हेही पाहावे. निरनिराळ्या उत्पादकांचे क्रमांक परस्परांशी जुळत नाहीत, त्यामुळे केवळ क्रमांकावर विसंबून खरेदी करू नये.

केस जाळून पाहण्याची जुनी कसोटी दोन वर्गांतील भेद ओळखण्यास पुरेशी आहे. नैसर्गिक केस जळताना पिसे जळाल्यासारखा वास येतो व चुरगळणारी राख राहते. कृत्रिम तंतू वितळून त्याची कठीण गुठळी होते. मात्र केस कोणत्या प्राण्याचा आहे हे या कसोटीने कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यांची मांडणी व केसाच्या गाभ्याची रचना तपासावी लागते.

निगा : वापरानंतर कुंचला थंड वा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. गरम पाण्याने शेंबीतील गोंद सुटतो व दांडी फुगून शेंबी ढिली होते. कुंचला पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवू नये. रंग पोटाच्या निम्म्याहून वर चढू देऊ नये आणि रंग कालविण्यासाठी जुना कुंचला वेगळा ठेवावा. धुतल्यावर टोक बोटांनी जुळवून कुंचला आडवा ठेवून वाळवावा. पूर्ण वाळण्यापूर्वी तो डबीत बंद केल्यास, विशेषतः पावसाळ्यात, केसांना बुरशी येते. दीर्घकाळ ठेवावयाचे नैसर्गिक कुंचले डांबराच्या गोळ्यांसह बंद डब्यात ठेवावेत, कारण कसरीच्या अळ्या केरॅटीन खातात.

टोक ओठांनी जुळविण्याची सवय अनेक चित्रकारांत आढळते, परंतु ती धोक्याची आहे. हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा, तर शेंदुरात व सफेद्यात शिसे असते. अमेरिकेत १९१७ नंतरच्या दशकात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे रंगविणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळविण्यास शिकविले जात असे. त्यांपैकी अनेकींना जबड्याचे व हाडांचे असाध्य विकार जडून मृत्यू आला. टोक ओल्या फडक्यावर किंवा तळहाताच्या मागील बाजूवर फिरवूनही तितकेच चांगले जुळते.

सारांश, गोंदमिश्रित जलरंगातील अखेरच्या सूक्ष्म रेषेसाठी उत्तम नैसर्गिक केसाची बरोबरी कृत्रिम तंतूने अद्याप पूर्णपणे केलेली नाही, परंतु बाकीच्या बहुतेक कामांत तो फरक नगण्य झाला आहे. त्यामुळे बहुसंख्य कामासाठी कृत्रिम कुंचले आणि अखेरच्या रेषेसाठी कायदेशीर मार्गाने मिळालेल्या केसाचा एखादा जपून वापरलेला कुंचला, अशी विभागणी आजच्या लघुचित्रकारास चित्राच्या गुणवत्तेच्या व प्राण्यांच्या संरक्षणाच्या अशा दोन्ही दृष्टींनी उचित ठरते.